बिनधुराचा कोळसा

दिवाळी झाली की वस्तीतली कर्ती माणसं ऊसतोडीला जात आणि ओढ्याच्या दोन अंगांना दोनच चुली उरत. अलीकडे भिवराबाईची, पलीकडे मुंजाजीची. मुंजाजी तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. नवरा जाऊन सात वर्षं झाली, तरी तो तिला वयनीच म्हणे. रोजचं येणंजाणं नव्हतं; म्हातारपणी ओढाही रुंद होतो. पण उजाडलं की ती त्याच्या छपरावरचा धूर बघायची आणि तो तिच्या. धूर निघाला म्हणजे माणूस उठलं. मागल्या साली वस्तीतलीच म्हातारी चंद्रभागाबाई दोन दिवस घरात मरून पडली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून भिवराबाईला मरणाची नाही, पण तसं पडून राहण्याची फार भीती वाटे.

यंदा चौसाळ्याच्या मुबीन वेल्डरने तिच्या लेकाच्या सांगण्यावरून एक लोखंडी ड्रम आणून दिला. शेतातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या त्यात खच्चून भरायच्या, पेटवायच्या, जाळ बसला की झाकण ठेवून कडा चिखलाने लिंपायच्या. हवा कोंडली की राख न होता कोळसा होतो. तो कुटून, पिठाच्या खळीत मळून तिने मुठीएवढे गोळे केले, उन्हात वाळवले. एवढा खटाटोप करून बाईने त्यावर पहिली भाकरी टाकली, तर डोळ्यांतून टिपूस नाही! पन्नास वर्षं आपण चुलीपुढे उगाचच रडलो, असं तिला वाटलं.

भाकरी उलटते तोच अंगणात काठी आपटली. मुंजाजी दारात उभा. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, छातीचा भाता झालेला.

"जित्या हाव का वयनी? धूर कावून न्हाई?"

"ह्या कोळशाला धूर नसतो, भावजी."

"मंग सांगावं न्हाई का माणसाला! जीव टांगणीला लागला माजा."

एवढं बोलून तो उंबऱ्यावर बसला आणि खोकत राहिला. भिवराबाईला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आपल्या धुराकडे अजून कुणीतरी बघत होतं. खोकला धुराचाच, असं तिने ठरवूनही टाकलं. एका पिशवीत गोळे भरले आणि लुगड्याच्या लाल काठाची चिंधी पिशवीच्या तोंडाला बांधली.

"उद्यापासून हेच जाळा. धुरात बसू नगा."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पलीकडे धूर नव्हता. भिवराबाई खूश झाली. म्हातारा ऐकतो तर! तिसऱ्या दिवशीही नव्हता. गोळे संपत आले असतील म्हणून तिने आणखी वळायला घेतले. मात्र सकाळ आता रिकामी वाटायची. बघायला काही उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिला करमेना. गोळे ओच्यात घेऊन ती ओढ्यात उतरली.

दार नुसतं लोटलेलं होतं. मुंजाजी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने हात लावला. अंग गार होतं. चुलीजवळ पिशवी ठेवलेली, आणि पिशवीच्या तोंडाला लाल काठाची गाठ, तिने मारली होती तशीच.

भिवराबाईने ओच्यातले गोळे पिशवीशेजारी ठेवले. एक सकाळ धूर दिसला नाही, तर तो धापा टाकत ओढा ओलांडून आला होता. तिला तीन सकाळी लागल्या.