त्या दिवशी कागद अडकला नाही

मित्रांनो, शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांमागे, मेणकापड पांघरून बसलेला मी एक जुना प्रिंटर. तुमच्यापैकी कुणी खडूचं खोकं शोधायला येतं, माझ्यावर हात टेकतं आणि निघून जातं. आज घटकाभर थांबा. मनावर एक ओझं आहे, ते तुमच्यापाशी उतरवतो.

मी कारखान्यातून आलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो. फी भरायच्या खिडकीजवळ टेबलावर मला ठेवलं. शिपाईकाकांनी आधी मला हात जोडले, मग वायर जोडली. प्रश्नपत्रिका, दाखले, सहलीची पत्रकं, किती कागद छापले त्याची गणती नाही. खोड मात्र एक होती. माझ्या पोटात कागद अडकायचा. मग काका पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चला नवरदेव, रुसवा पुरे झाला."

खिडकीशी बसणाऱ्या कारकून बाई मायाळू होत्या. त्यांची एक जाडजूड वही होती. कुणाला फीमध्ये सवलत का दिली, ते त्या समासात बारीक अक्षरात लिहीत. 'थोरली बहीण याच शाळेत.' 'आई शाळेत सेविका.' ती वही कपाटात राही आणि किल्ली बाईंच्या पदराला.

पुढे वही गेली आणि संगणकावर फीची व्यवस्था आली. ती बसवायला आलेल्या तरुणाने बाईंना समजावलं, की प्रत्येक मुलाला एका शुल्कगटात टाकायचं, गटाला नाव द्यायचं, मग रक्कम आपोआप येईल. नावं कशी द्यायची, असं बाईंनी विचारलं. "तुम्हाला कळतील अशी द्या," म्हणाला आणि चहा अर्धा टाकून पुढच्या शाळेत गेला.

बाईंनी वही उघडली आणि समासातले शब्द जसेच्या तसे गटांची नावं म्हणून भरले. त्यात एक नाव होतं, 'वडील घर सोडून गेले, निम्मी फी'. त्या गटात एकच मुलगी होती. तिच्या आईला दरवर्षी खिडकीशी उभं राहून तीच कहाणी सांगावी लागायची. यापुढे तरी त्या माउलीला कुणी विचारू नये, म्हणून बाईंनी ते स्पष्ट लिहिलं. मित्रांनो, हेतू किती चांगला होता, पाहा. पण गटाचं नाव पावतीवरही छापलं जातं, हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं.

ती मुलगी चौथीत होती. दिसेल ते मोठ्याने वाचायची तिला भारी हौस. सूचनाफलक, औषधाची बाटली, काकांच्या डब्यावरचं नाव, काही सुटायचं नाही. काका तिला बातम्याबाई म्हणायचे. तिचं वाचन ऐकताना मला वाटायचं, देवाने अक्षरं हिच्या तोंडासाठीच घडवली असावीत. आपले बाबा दूर बोटीवर कामाला आहेत, असं तिला ठाऊक होतं. आईने तसंच सांगितलं होतं.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मायलेकी खिडकीशी आल्या. त्याच सकाळी काकांनी माझे कागद ओढणारे रूळ पुसले होते. बाईंनी बटण दाबलं. एरवी दहातले तीन कागद चावणारा मी. त्या दिवशी पावती कशी सुळकन बाहेर आली. बाईंनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि पावती न वाचताच पुढे केली. मुलीने ती झडप घालून घेतली.

"पावती क्रमांक सत्तावीस. इयत्ता चौथी. शुल्कगट, वडील घर सोडून गेले, निम्मी फी."

मागच्या रांगेतले पालक वळून पाहू लागले. मुलीने ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग मान वर केली.

"आई, बाबा बोटीवर आहेत ना?"

आईने पावती तिच्या हातातून हळूच काढून घेतली. "घरी चल, बाळ. घरी सांगते."

बाईंनी तेव्हाच खिडकी लावून घेतली आणि त्या तरुणाला फोन केला. पडद्यावरच्या चौकटीतली एक खूण काढली की नाव छापलं जात नाही, एवढंच काम होतं. बाईंनी तरीही सगळी नावं पुसून गट एक, गट दोन असे आकडे घातले. संध्याकाळी त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी काकांना एवढंच म्हणाल्या, की ती आई रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं.

सहा महिन्यांनी मायलेकी पुन्हा आल्या. काकांनी विचारलं, "काय बातम्याबाई, आज काय खबर?" ती कसनुसं हसली. मी पावती छापली. 'शुल्कगट पाच', बस. त्यात बोचण्यासारखं काही नव्हतं. पण तिने ती पाहिलीच नाही. पालथी धरली, चार घड्या घातल्या आणि आईच्या पिशवीत टाकली. बाहेर पडताना ती नव्या सूचनाफलकाजवळून गेली, तेही मुकाट्याने.

मित्रांनो, कागद अडकवल्याबद्दल मी जन्मभर बोलणी खाल्ली, त्याचं मला दुःख नाही. एकदा अडकवला नाही, त्याचं आहे.

तुम्ही मोठे व्हाल, कुणाकुणाची नावं कुठल्या कुठल्या रकान्यात लिहाल. लिहिण्याआधी ते शब्द त्या माणसासमोर मोठ्याने वाचता येतील का, ते स्वतःला विचारा. देव तुमच्या हाताला तेवढी सावधगिरी देवो. आणि रस्त्यात एखादं पोर दुकानाची पाटी मोठ्याने वाचत उभं असेल, तर त्याला ओढून नेऊ नका. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचू द्या. मला ते पुन्हा ऐकायला मिळालं नाही.