पुठ्ठ्याआडचे शुद्धिपत्र

मित्रांनो, मी पवित्र शास्त्राची एक जुनी, जाडजूड प्रत आहे. बाराशे पाने, दोन स्तंभ, बारीक टाइप. माझ्यासारख्या पुस्तकाने शांत असावे, असे लोकांना वाटते. देवळातल्या घंटेने शांत असावे असे कुणी म्हणत नाही, मग माझ्याकडूनच ही अपेक्षा का, कोण जाणे. मी मात्र जन्मापासून अस्वस्थ आहे. त्याचे कारण एक शब्द आहे, आणि तो माझ्याच पोटात आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. तिथे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा एक जुळारी होता. हात इतका सराईत की न पाहता बोटे बरोबर खणात जात. पण एके दिवशी त्याची धाकटी लेक तापाने फणफणली होती. तो कामावर आला खरा, पण जीव घरी टांगलेला. त्या दिवशी त्याच्यापुढे माझ्या शेवटाकडचे पान होते. एका म्हाताऱ्या शिष्याने तिथे देव मुळात काय आहे, हे एकाच शब्दात सांगितले आहे. तो शब्द ‘प्रीती’. जुळाऱ्याच्या मनात दुसराच शब्द भरून राहिला होता आणि बोटांनी तोच उचलला. ‘भीती’.

मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही तो सुटला. देवाची भीती बाळगावी असे माझ्यात इतर ठिकाणी लिहिलेले आहेच, आणि तिथे ते योग्यही आहे. ओळखीचा शब्द दिसला की डोळा पुढे सरकतो. सगळी पाने छापून झाल्यावर चूक सापडली तेव्हा मुद्रितशोधकाने कपाळाला हात लावला.

“अहो, अख्ख्या ग्रंथात एक शब्द चुकायचा तर हाच सापडला तुम्हाला?”

“लेकीला ताप होता,” जुळारी खाली मान घालून म्हणाला.

“उतरला का?”

“उतरला.”

“मग बरं झालं. आता आपला उतरवू.”

आणि त्यांनी बोटभर रुंदीची एक चिठ्ठी छापली. शुद्धिपत्र. ‘पान ११४२, दुसरा स्तंभ, वरून नववी ओळ. “भीती” ऐवजी “प्रीती” असे वाचावे.’ प्रत्येक प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ती चिकटवली गेली. माझ्याही. मी निर्धास्त होऊन जगात निघाले.

माझा निर्धास्तपणा पंधरा दिवस टिकला.

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या लग्नात त्याच्या बहिणीने मला भेट दिले. बहीण मोठी व्यवस्थित. नवे पुस्तक मळेल म्हणून तिने जाड तपकिरी कागद घेतला, पुढे-मागे वीतभर आत दुमडला आणि दुमड डिंकाने पुठ्ठ्याला गच्च चिकटवून टाकली. “आता बघ, पिढ्यान्‌पिढ्या काही होणार नाही हिला,” ती म्हणाली. माझे शुद्धिपत्र त्या दुमडीखाली गेले. ज्यांना पाठीवर मध्यभागी खाज सुटते आणि हात पोचत नाही, त्यांनाच माझी अवस्था कळेल.

कारागीर सज्जन होता, कष्टाळू होता आणि भयंकर काटेकोर होता. लोक त्याला ‘तंतोतंत’ म्हणत. घराची पुढची खोली हेच त्याचे दुकान. भिंतीला लावलेले तराजू, लाकडी पेटीत आपापल्या खळग्यात बसलेली पितळी वजने, आणि कामाच्या मेजावरच्या फळीवर मी. दिवेलागणीला तो हात धुऊन मला खाली घेई आणि एक भाग मोठ्याने वाची. असे करत वर्षा-दीड वर्षाने तो अकराशे बेचाळिसाव्या पानावर पोचला. नवव्या ओळीशी थबकला. शब्दाखाली नख ओढले. बायकोने विचारले, “काय झालं?”

“काही नाही,” तो म्हणाला. “छापलंय ते छापलंय.”

तो शब्द त्याच्या मनात जाऊन बसला, जसे वजन आपल्या खळग्यात बसते. मित्रांनो, मी काय काय सांगत होते त्याला! हरवलेल्या एका मेंढरासाठी डोंगर पालथा घालणारा मेंढपाळ माझ्यात आहे. उधळ्या मुलाला लांबूनच ओळखून, लाजलज्जा सोडून धावत सुटणारा बाप माझ्यात आहे. आणि माणसांवर जीव जडला म्हणून स्वतःचा पुत्र देणारा, वधस्तंभापर्यंत जाऊन परत न फिरणारा देव माझ्या पानापानांत आहे. हे सगळे तो वाचत असे. पण भरभर वाची, आणि ती एक ओळ सावकाश. एका पारड्यात बाराशे पाने, दुसऱ्यात एक शब्द, आणि काटा त्या शब्दाकडे झुकलेला. मी फळीवर नुसती तळमळत असे.

त्यांना एक मुलगी झाली. सतत फिरती, सतत काही विचारणारी. घरात तिला भिंगरीच म्हणत. बाबांच्या हाताखाली काम शिकताना ती वजने फडक्याने पुशी आणि गुणगुणे. बाबा दुकानात आले की गुणगुणणे बंद होई. आई हे पाही. मीही पाही.

भिंगरी अठरा वर्षांची असताना तिच्या हातून नमुन्याचे वजन पडले. नमुन्याचे म्हणजे ज्याच्यावरून बाकीचे सगळे काटे तपासायचे ते. अशा वजनाच्या बुडाला एक लहान भोक असते आणि त्यात शिसे भरून वजन नेमके केलेले असते. ते शिसे निखळले आणि फरशीच्या फटीतून कुठे गेले ते सापडलेच नाही. भिंगरी पांढरीफटक पडली. मग तिने मेणबत्तीचे मेण वितळवून भोकात भरले, वर काजळी चोळली आणि वजन पेटीत ठेवून दिले. मेण शिशाहून किती हलके असते, हे तिला चांगले ठाऊक होते. पण त्या क्षणी तिला बाबांचा चेहरा तेवढा दिसत होता.

चार महिने त्या दुकानातून चुकलेले काटे बाहेर गेले. शेवटी एका औषधविक्रेत्याने काटा आणून मेजावर ठेवला आणि म्हणाला, “तंतोतंत, हे काय?” कारागिराने नमुन्याचे वजन उलटे केले, टाचणी टोचली. टाचणी आत गेली.

“नुसती चूक असती तर मी ओरडलो असतो आणि विसरलो असतो,” तो लेकीला म्हणाला. “तू लपवलंस.”

“मी सांगणार होते, बाबा.”

“चार महिने?”

“रोज सांगणार होते.”

“मला खोटं वजन घरात नको,” तो म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. आईने दोघांचे हात धरून पाहिले. संध्याकाळी भिंगरी एक पिशवी घेऊन मावशीकडे गेली, तिथून बंदराच्या शहरात. तिथे औषधांच्या कारखान्यात तिला काम मिळाले. वजने करण्याचे.

अकरा वर्षे गेली. भिंगरीचे लग्न झाले, तिला मुलगी झाली, हे सगळे आईला पत्रांतून कळे. प्रत्येक पत्रात बाबांची चौकशी असे. आई ते मोठ्याने वाची आणि कारागीर काट्याचा स्क्रू फिरवत राही. त्याची पाठ मला फळीवरून दिसे. ती ऐकत असे.

मग एक पत्र आले. नवऱ्याला समुद्रापलीकडे काम मिळाले होते, दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी जहाज होते, पुन्हा कधी येणे होईल सांगता येत नव्हते. खाली लिहिले होते, ‘बाबांनी बोलावलं तर दोन दिवस येऊन जाईन. नाही बोलावलं तर नको. आता दारातून परत फिरायची ताकद नाही माझ्यात.’

“एक ओळ लिहा,” आई रोज म्हणे. “फक्त ‘ये’ म्हणा. एक अक्षर. तुम्हाला जड होणार नाही.”

“तिने लपवलं,” त्याचे रोज तेच उत्तर. त्या मंगळवारी मात्र आईचा धीर सुटला.

“लपवलं! कुणाच्या धाकाने लपवलं? तिने दुधाचं भांडं फोडलं तरी ती माझ्यापाशी येऊन हसायची. तुमच्यापाशीच का नाही आली?”

“देवाचा धाक नसेल तर माणूस—”

“मग विचारा त्यालाच!” असे म्हणून आईने मला फळीवरून ओढले आणि मेजावर आपटले. माझ्या कण्यातला दोरा तुटला आणि पाने बाहेर आली. आईच्या डोळ्यांत पाणी आले. रागाचे की माझ्यासाठीचे, कळले नाही. कारागीर पाने गोळा करू लागला. गुरुवारला दोन दिवस उरले होते.

सकाळी आई मला कापडात गुंडाळून बांधणीवाल्या बाईकडे घेऊन गेली. बाईच्या हातात सुरी, तोंडात सुई आणि गप्पांना खळ नाही.

“काकू, हिला श्वास तरी घेऊ द्यायचा! एवढा डिंक कुणी ओतला?”

“माझ्या नणंदेने.”

“तरीच. नणंदेचं काम सहजासहजी सुटत नाही,” बाई हसली आणि सुरीच्या पाठीने दुमड हळूहळू सोडवू लागली. माझी वर्षानुवर्षांची खाज, मित्रांनो! कागद निघाला. बाई वाकली. “हे काय चिकटलंय? शुद्धिपत्र दिसतंय.” तिने वाचले. मग पान काढून ओळीवर बोट ठेवले आणि पुन्हा वाचले. तिचे हसू मावळले. “काकू, तुमच्या घरी हे असंच वाचलं जात होतं?”

आईने चिठ्ठीवर हात ठेवला. “बांधणी राहू दे,” ती म्हणाली. “फक्त फितीने बांधून दे. मला आत्ता घरी जायचंय.”

घरी कारागिराने भिंग घेतले. आधी चिठ्ठी वाचली, मग पान, मग पुन्हा चिठ्ठी. दोन्हींचा टाइप एकच आहे का तेही तपासले. तोच तो.

“हे कधीपासून आहे?”

“लग्नापासून.”

त्याने भिंग खाली ठेवले. बाहेर एक गिऱ्हाईक हाक मारून निघून गेले. मी मेजावर उघडी पडले होते आणि मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटत होती. मला फाडील, आईवर ओरडेल, की ‘छापलंय ते छापलंय’ म्हणेल?

“तिने चार महिने चुकीच्या वजनावर काटे तपासले,” तो शेवटी म्हणाला. “आणि मी एकतीस वर्षं. तिला निदान ठाऊक होतं. ती बिचारी रोज तळमळली असेल. मी तर खुशाल झोपत होतो.”

आईच्या ओठांवर काहीतरी धारदार आले होते. तिने ते गिळले.

“आज पत्र टाकलं तर कधी पोचेल?” त्याने विचारले.

“शनिवारी.”

कामाच्या दिवशी दुकानाला कुलूप लागलेले मी त्या बुधवारी प्रथमच पाहिले. आई म्हणाली, “तुम्ही एकटेच जा. मी आले तर तुम्ही मलाच बोलायला लावाल.” बसमध्ये आठ तास मी त्याच्या मांडीवर पिशवीत होते. तो एक वाक्य पुटपुटत होता. शब्द काढी, घाली, पुन्हा तोली. माझा जीव खालीवर होत होता. घरी नसली तर? दार लावून घेतले तर?

तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडले. आत खोकी, दोऱ्या, गुंडाळलेल्या गाद्या. भिंगरी हातात चिकटपट्टी घेऊन उभी. तिने बापाला पाहिले आणि तिचा हात नकळत पाठीमागे गेला, जणू काही लपवायचेच आहे. त्याने ते पाहिले. आठ तास तोललेले वाक्य कुठल्याकुठे गेले.

“छपाईची चूक होती,” तो म्हणाला.

“काय?”

“नंतर दाखवतो. आधी हे. मी तुला घरी बोलवायला आलोय.”

“बाबा, उद्या जहाज आहे.”

“माहीत आहे. शब्द पाठवायला वेळ नव्हता. म्हणून मीच आलो.”

मित्रांनो, पिशवीत बसल्या बसल्या मी शहारले. माझ्या बाराशे पानांत जे आहे, ते त्या काटेवाल्याने दारात उभे राहून न वाचता सांगून टाकले होते. देवानेही पुष्कळ शब्द पाठवले, आणि शेवटी तो स्वतःच आला.

भिंगरी लगेच विरघळली नाही. “मला अजून राग आहे,” ती म्हणाली.

“असू दे. किती आहे?”

“पुष्कळ.”

“मग बसून सांग. मला उद्यापर्यंत काही काम नाही.”

तिने एक खोके पायाने सरकवून जागा केली. आतल्या खोलीतून लहान मुलगी आली आणि म्हणाली, “आई, हे कोण?” भिंगरीने चिकटपट्टी खोक्यावर ठेवली. मग म्हणाली, “हे आजोबा. यांना पाणी दे.”

जहाज गेले. कारागीर धक्क्यावर उभा राहिला आणि परत येऊन कामाला लागला. आता महिन्याला पत्र जाते आणि त्यात त्याचे अक्षर असते, थोडे आखडलेले. बांधणीवाल्या बाईने माझा कणा शिवला आणि शुद्धिपत्र काढून त्या ओळीशेजारीच लावले. तपकिरी कागद पुन्हा कुणी घातला नाही. माझे कोपरे झिजू लागले आहेत, त्याचे मला काही नाही.

तरीही मी स्वस्थ नाही. माझ्याबरोबर छापलेल्या हजारो बहिणी कुठे कुठे फळ्यांवर आहेत. कुणाची चिठ्ठी कागदाआड दबली असेल, कुणाची गळून केरात गेली असेल, आणि कुणाची जागच्या जागी असूनही कुणी वाचली नसेल. पुस्तकांना जपा, असे आम्हा सर्वांच्या वतीने तुम्हाला नेहमी सांगितले जाते. मी इतकेच सांगेन, की एका ओळीवर नख ओढून थांबू नका. सगळे वाचा. आणि वाचताना एखादे चुकलेले माप ध्यानात आले, त्यापायी घरातले कुणी दूर गेलेले असले, तर पान मिटायचीही वाट पाहू नका. मला तशीच उघडी टाका, आणि निघा.