प्रांजलचं सुख सुयोग भरायचा

घरात कुणाला ताप आला तर आपण डॉक्टरकडे धावतो. कुणाची छाती भीतीने धडधडू लागली तर काय म्हणतो? "जास्त विचार करू नकोस!" भांडुपच्या सुयोग परबानेही तेच म्हटलं, वर बायकोच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं.

ॲप साधं होतं. दिवसातले तीन चांगले क्षण टिपायचे आणि मनात जरा घोळवायचे. त्यावर ॲप गुण देणार. पण सुयोग मसाल्याच्या कंपनीत सेल्स सुपरवायझर. त्याला टार्गेटशिवाय काही दिसत नाही. घरी आला की पहिला प्रश्न, "प्रांजल, आज किती झाले?"

"एकच."

"एक? दे इकडे, मी भरतो."

आणि तो भरायचा! बायको कशाने सुखावली हे नवरा लिहायचा.

रविवारी त्याची थोरली बहीण नीलम मुलुंडहून आली. प्रांजल तिसऱ्यांच्या कालवणासाठी खोबरं भाजत होती. खमंग वास सुटला. कितीतरी दिवसांनी तिने डोळे मिटून खोल श्वास घेतला. तेवढ्यात सुयोगचा मोबाईल कढईवर आला.

"हलू नकोस! आजचा पहिला क्षण!"

तिचा श्वास तिथेच अडकला. हातातलं उलथणं पडलं. ओट्याला पाठ लावून ती खालीच बसली, घामाने चिंब.

"झालं हिचं सुरू," सुयोग वैतागला. "ताई, ॲपमध्ये शंभरातले नव्वद गुण आहेत. बरी आहे ही!"

नीलमने गॅस बंद केला. प्रांजलचा हात धरून शेजारी बसली. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिली. मग भावाकडे वळली.

"गुण तुला मिळालेत, गाढवा. पेपर तूच लिहितोस, पासही तूच होतोस. ती डॉक्टरकडे ने म्हणते, त्याचं काय?"

"मनाच्या डॉक्टरकडे? बिल्डिंगमध्ये कळलं तर वाट लागेल. वेडी म्हणतील. आणि खूश असते गं ती! हा बघ परवाचा फोटो, हिनेच पाठवला, हिच्या ऑफिसच्या गच्चीवरून. मी लिहिलं, 'सुंदर संध्याकाळ'."

प्रांजल मान वर न करता बोलली, "मी कठड्याला टेकून खाली बघत होते, सुयोग. जीव द्यावासा वाटत होता. तुला फोन लावला, तू कट केलास. म्हणून फोटो पाठवला."

सुयोगच्या हातात तो फोटो उघडाच होता. संध्याकाळ खरंच सुंदर होती.

"मी... मीटिंगमध्ये होतो गं," तो म्हणाला. स्वतःचंच बोलणं त्याच्या कानावर पडलं आणि त्याने मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला.

"ॲप वाईट नाही रे," नीलम म्हणाली. "माझ्याकडेही आहे. चहा पिताना जरा थांब, चव घे, एवढंच सांगतं ते. पण थांबायचं तिने! तिचा चहा तू पिऊन कसं चालेल? आणि दुखणं एवढं वाढल्यावर नुसता चहा पुरतो का? डॉक्टर लागतो!"

त्या रात्री नीलम घरी गेली नाही. प्रांजलला कुणी एकटं सोडलं नाही. सकाळी सुयोग रजा टाकून तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. बाकावर नेमक्या बिल्डिंगमधल्या विमलाकाकू, गुडघा दाखवायला आलेल्या.

"काय रे, कुणासाठी?"

सुयोगने केसपेपर आधी खिशात सरकवला, मग पुन्हा बाहेर काढला.

"प्रांजलसाठी. मनाच्या डॉक्टरकडे आलोय, काकू."

मग तो बायकोकडे वळला. "कसं वाटतंय?"

"भीती वाटतेय."

आज त्याने काही लिहून घेतलं नाही. "बरं. मी इथेच आहे," म्हणाला आणि बसून राहिला.

मंडळी, चांगल्या क्षणापाशी थांबायला मोबाईल शिकवेलही. पण घरातल्या माणसाचं ऐकायचं काम त्याच्यावर ढकलू नका. कुणी भीती वाटते म्हणालं तर त्याच्याकडे हसरा फोटो मागू नका. त्याचा फोन उचला, त्याला डॉक्टरकडे न्या. लोक काय म्हणतील? म्हणू द्या! लोक तिरडी बांधायला येतात, कठड्यावरून मागे ओढायला येत नाहीत. ते घरच्यांनीच करायचं असतं.