डावा कान

आमच्या सोसायटीच्या दुकानात कॉफीचं एक गोल टेबल आहे. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला तिथे पाच म्हातारे शेतकरी येऊन बसतात, आणि पाचही जण डाव्या कानाने ठार बहिरे. पेरणी नीट पडतेय का हे बघायला ट्रॅक्टरवरचा माणूस उजव्या खांद्यावरून मागे वळतो, मान वळली की डावा कान इंजिनाच्या धुराड्यासमोर येतो, आणि जुन्या उघड्या ट्रॅक्टरवर चाळीस वर्षं असं केलं की त्या कानाचं जे व्हायचं ते होतं. त्यामुळे ह्या टेबलावर बातमी एकाच दिशेने फिरते. प्रत्येकाला उजवीकडचा ऐकू येतो. डावीकडच्याने कितीही बोंब मारली तरी गडी आपला कॉफीत साखर ढवळत बसतो. मग ती बातमी सगळ्या टेबलाला वळसा घालून त्याच्यापर्यंत पोचते, तोवर गारांनी झोडपलेले दहा एकर शंभर झालेले असतात.

ह्याची कुणाला लाज वाटत असेल तर शपथ. उलट मिरवतात. ज्याचे दोन्ही कान शाबूत तो बँकेत नाहीतर शाळेत चिकटलेला, शेतीत घाम गाळलेला नव्हे, असा त्यांचा हिशेब. आणि त्या पाचांत सगळ्यात जास्त मिरवणारा म्हणजे हारासिम, वय पंचाहत्तर, ओरिसियाचा बाप.

ओरिसिया एक्केचाळीस वर्षांची. बापाची शेती आता तीच बघते, आणि बापाकडून आलेलं दुसरंही एक काम तिच्याकडे आहे. आमच्या चर्चमध्ये वाद्य नाही, सगळं गळ्यावर. एकाने पुढे उभं राहून सूर द्यायचा आणि बाकीच्या चाळीस जणांनी तो धरायचा. एकतीस वर्षं तो सूर हारासिमने दिला. मग कान गेला तसा त्याचा सूर उतरायला लागला, दर रविवारी थोडा थोडा. लोक बिचारे त्याच्यामागोमाग खाली उतरत गेले. शेवटी शेवटी उंच गळ्याच्या बायका पुरुषांसारख्या घोगऱ्या गायला लागल्या, पण तोंडावर सांगायची एकाची छाती होईना. तीन वर्षं असं चाललं. अखेर ओरिसियाने सांगितलं. बाप स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता, त्याच्या उजव्या कानाशी वाकून तिला ते ओरडून सांगावं लागलं, आणि असली गोष्ट ओरडून सांगणं काय असतं ते तिचं तिलाच ठाऊक. हारासिमने टोपलीभर बटाटे सोलून संपवले. पुढच्या रविवारी तो मागच्या बाकापाशी जाऊन उभा राहिला.

त्याच आठवड्यात ओरिसिया शहरात जाऊन कानांवर वाट्यांसारख्या बसणाऱ्या पिवळ्याधमक इअरमफच्या तीन जोड्या घेऊन आली. ट्रॅक्टर असो, करवत असो, अंगणातलं गवत कापायचं मशीन असो, डोक्यावर ह्या वाट्या चढवल्याशिवाय ती चावीला हात लावीना. बापाचे कान गेले, सूर गेला; आपले जाऊ द्यायचे नाहीत, हे तिने पक्कं ठरवलं होतं. आणि ओरिसियाने ठरवलं की संपलं.

कॉफीच्या टेबलाला आयतंच खाद्य मिळालं. एकाने विचारलं, पोरी, कानाला उकडलेल्या पेरोहीच्या करंज्या बांधून हिंडतेस का. दुसऱ्याने सांगितलं, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. ओरिसिया कुणाला ऐकते होय. तिने ह्या दुसऱ्याच्या डाव्या बाजूला उभं राहून त्याला चांगल्या चार शिव्या हासडल्या. तो प्रेमळपणे हसून मान डोलवत राहिला आणि अख्खं दुकान खिदळलं.

एक काम मात्र ह्या नियमात बसत नव्हतं, आणि ते तिने स्वतःच बसवलं नव्हतं. कापणीच्या दिवसांत गहू ट्रकमधून पत्र्याच्या उंच कोठीत चढवायचा असतो. एक लांबलचक तिरका पाइप, आत फिरता स्क्रू, खाली ढणाणणारं इंजिन. त्याला आम्ही ऑगर म्हणतो. कोठी भरत आली की आतला आवाज बदलतो. आधी दाणे पत्र्यावर टणटण पडतात, मग गव्हावर गहू पडून दबका आवाज येतो, आणि अगदी शेवटी छपराशी बारीक सळसळ होते. ती ऐकली की खटका ओढून इंजिन बंद करायचं. नाही ऐकली तर गहू छपरातून ओसंडून खाली. आमच्या भागात ह्याच्याइतकी नामुष्की दुसरी नाही. जमिनीवरचा तो पिवळा ढीग बघायला लोक वाकडी वाट करून गाड्या घेऊन येतात, आणि वर हात हलवून जातात. ही सळसळ ऐकायला हारासिमने पोरीला आठव्या वर्षी शिकवलं होतं.

म्हणून ऑगरपाशी उभी राहिली की ओरिसिया एक वाटी वर सरकवायची. एकच. दुसरा कान झाकलेला आहे ना, मग झालं तर. कोठीकडे तोंड करून, उजवा हात खटक्यावर ठेवून उभं राहायचं, त्यामुळे इंजिन डावीकडे यायचं आणि उजवा हात खटक्यावर अडकलेला म्हणून वरही डावीच वाटी जायची. दर ट्रकला वीस मिनिटं, दिवसाला दहा-बारा ट्रक. तिला ह्यात काही वावगं दिसलं नाही. बापाची अक्कल आणि आपली खबरदारी, दोन्ही साधलं असंच तिला वाटत होतं.

ऑगस्टमध्ये शेतकी प्रदर्शन भरलं तेव्हा तिथे कान तपासणारी गाडी आली होती, फुकट. ओरिसियाने बापाला जवळजवळ ओढतच आत नेलं. कागदावर लिहून आलं म्हणजे टेबलावरच्या पाचही तोंडांना कुलूप बसेल, असा तिचा बेत. आतल्या बाईने हारासिमच्या कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून खुणेने सांगितलं. डाव्या कानाच्या वेळी सुरुवातीचे दोन-चार घुमे आवाज सोडले तर बुवाने बटणाला बोट लावलं नाही. बाहेर येऊन म्हणाला, ह्यांचं मशीन बिघडलंय. ओरिसिया पोट धरून हसली आणि तोऱ्यात स्वतः आत जाऊन बसली.

बाईने दोघांच्या आलेखांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. हारासिमच्या डाव्या कानाची रेघ थोडी सरळ जाऊन एकदम खड्ड्यात कोसळली होती. ओरिसियाचा उजवा कान उत्तम होता. डाव्या कानाची रेघ सरळ गेली, आणि बापाची जिथे कोसळली होती बरोब्बर तिथेच खाली वाकली. खड्डा लहान होता. पण खड्डाच तो.

"मशीन बिघडलंय तुमचं," ओरिसिया म्हणाली, आणि बोलल्याबरोबर तिचं तोंड उतरलं.

बाईने शांतपणे विचारलं की काम करताना डाव्या बाजूला काय असतं. गेलेलं परत येत नाही, पण जे आहे ते सांभाळलं तर टिकतं, हेही सांगितलं. ओरिसियाला एकदम भीती वाटली, खरी भीती. मागच्या बाकापाशी उभा राहून ओठ हलवणारा बाप तिला दिसला, आणि त्याच्या शेजारी ती स्वतः.

हारासिमला त्या बोलण्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तो दोन्ही कागद हातात घेऊन बघत होता, ह्यावरून त्यावर, त्यावरून ह्यावर. मग त्याने विचारलं, तू तर वाट्या घालतेस, मग हे कशाने? तिने त्याच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं. कोठी ऐकते. तुम्ही शिकवलंत तशी.

पुढचे चार दिवस हारासिम कॉफीला गेला नाही. टेबलावर त्याची खुर्ची रिकामी, त्यामुळे बातमी मधेच अडायला लागली आणि दोघा म्हाताऱ्यांनी फोन करून तक्रार केली. तो मात्र शेडमध्ये ठाकठोक करत होता आणि ओरिसिया आत डोकावली की हाकलून लावत होता.

कापणीच्या पहिल्या दिवशी ती ट्रक घेऊन कोठीपाशी आली तर म्हातारा शिडीच्या टोकाला. छपराजवळ पत्र्याला भोक पाडून त्याने आत एक फळी टांगली होती. गहू फळीला टेकला की ती उचलली जाणार आणि बाहेरची लोखंडी काडी उभी होणार. काडीला लाल फडकं बांधलेलं. ऐकायला काही नाही, नुसतं बघायचं. ओरिसियाने आधी त्याला शिडी चढल्याबद्दल झापलं, मग त्याला खाली उतरवून स्वतः चढून फळी हलवून बघितली, बिजागरीला तेल हवं म्हणून सांगितलं. बरी झालीय, एवढंही कबूल केलं.

तिने वाट्या चढवल्या, खटक्यावर हात ठेवला, आणि तेहतीस वर्षांच्या कोठी ऐकायच्या सवयीने तिचा दुसरा हात डावी वाटी वर सरकवायला गेला. हारासिमने मनगट धरलं.

"बाबा, फळी अडकली तर? सगळा गहू खाली येईल," ती त्याच्या उजव्या कानाशी ओरडली.

"येऊ दे," तो म्हणाला. कोठीचा गहू खाली येऊ दे असं तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होता. "माझा सूर उतरला तेव्हा तू होतीस सांगायला. तुझा उतरला तर मला ऐकूच येणार नाही, पोरी. मग सांगेल कोण?"

ओरिसियाने दोन्ही वाट्या घट्ट दाबल्या आणि खटका पुढे ढकलला. इंजिन सुरू झालं. तिला ते दुरून आल्यासारखं ऐकू येत होतं. बाप तिच्या डाव्या बाजूला, इंजिनाच्या आणि तिच्या मधे उभा होता. तिने तिसरी पिवळी जोडी ट्रकमधून काढून त्याच्या डोक्यावर चढवली. त्याने ती काढली नाही. दोघं मान वर करून फडक्याकडे बघत राहिली.