मामाचा नकाशा

भाचीने स्कॅनवरून संगणकात मामाची छाती उभी केली होती: कातडी, बरगड्या, फुप्फुसं आणि मधोमध हृदय. हृदयात उठलेली वीज एवढा पसारा ओलांडून कातडीवर कशी उमटेल, याचं गणित मांडणं हेच तिचं काम. मामाच्या हृदयात मधूनच एक आगाऊ ठोका पडायचा. तो कुठून उठतो हे तिने सांगितलं, की उद्या सकाळी डॉक्टर शिरेतून हृदयात शिरून नेमकी तेवढीच जागा जाळणार होते. नाहीतर आत चाचपडत बसणं आलं.

आणि विजेचा हा नकाशा लेकाचा जुळायचं नाव घेत नव्हता. तारांचं जाकीट घालून मामाच्या छाती-पाठीवर मोजलेली वीज एक सांगे, गणित भलतंच. इतरांच्या वेळी मुकाट जुळणारं गणित घरच्याच माणसापाशी अडून बसलं होतं. तिला राग आला, पण कुतूहल त्याहून जास्त छळत होतं. शेवटी तिने वॉर्डात जाऊन मामालाच गाठलं. स्वारी खुर्चीत पाय पसरून पेपर वाचत होती.

"मामा, स्कॅनला तू आडवा होतास. जाकीट घातलं तेव्हा?"

"बसलो होतो. त्या मुलीला म्हटलं, बसूनच घे, जरा गप्पा होतील."

तिने कपाळावर हात मारला. बसलं की हृदय खाली सरकतं, थोडं वळतंही. आडव्या मामाचं गणित ती बसलेल्या मामाशी ताडून बघत होती!

"गप्पा काय, आडव्यानेही मारता येतात की."

"मला कशाही येतात, मामीला विचार," मामा हसला आणि हसता हसताच त्याला धाप लागली. पलंगावरची चादर सकाळी घातली तशीच होती.

तिने परत येऊन गणितातलं हृदय खाली सरकवलं, वळवलं. नकाशा जुळला, ठोक्याची जागाही सापडली. ती नाचायचीच बाकी होती. फक्त पाठीवर मोजलेल्या विजेच्या रेघा ऐकेनात. तिथली वीज गणितापेक्षा फारच क्षीण होती. असं का? ओलं फुप्फुस वीज वाटेतच मुरवतं, हे तिला ठाऊक होतं. मग ती धाप आठवली, ती न चुरगळलेली चादर आठवली. तिने गणितातल्या फुप्फुसांत तळाशी थोडं पाणी भरलं. न जुळो, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

रेघ रेघेवर जाऊन बसली.

तिने थेट डॉक्टरांना फोन लावला. "जागा सापडली. पण उद्या त्याला तासन्‌तास आडवं पडणं झेपणार नाही. आधी फुप्फुसं बघा."

डॉक्टरांनी तपासायची नळी पाठीला लावून श्वास ऐकला आणि उद्याचा बेत रद्द केला. मामा भाचीवर चांगलाच उखडला.

"स्कॅनपुरता जीव मुठीत धरून पडलो होतो मी. उद्याचंही निभावलं असतं. एकदाचं उरकायचं होतं गं मला."

"आडवं पडून गुदमरला असतास, मामा. मला भीती वाटली."

मामा हळूच म्हणाला, "महिनाभर खुर्चीतच झोपतोय. मामीला नको सांगूस."

"तिला कशाला सांगायला हवं?" दारातून मामी म्हणाली. "महिनाभर मी कुठे झोपलेय?"