उन्हातले सेल

मल्हारीच्या ट्रान्झिस्टरचे सेल सकाळपासून कुरडयांच्या शेजारी उन्हात पडले होते. सेल उतरले की उन्हात तापवायचे, म्हणजे त्यांच्यात आणखी एका संध्याकाळपुरता जीव येतो, हे देवळाली कॅम्पाच्या वाटेवरच्या त्या वसाहतीत पोरासोरांनाही ठाऊक. नवे आणायची सोय राहिली नव्हती. आणीबाणीला वर्ष होत आलं होतं आणि नाक्यावरचा दुकानदारही आताशा विचारायला लागला होता, "एवढं काय ऐकता हो?" मल्हारी पडला सरकारी गोदामाचा पहारेकरी. आधीच तो आपल्या सावलीला भिणारा माणूस.

शेजारच्या लंकाबाईला मात्र कसला धीर निघतोय. घरातून ओट्यावर, ओट्यावरून घरात, दिवसभर तिची येरझार चालली होती. सेल तापले का म्हणून किती वेळा हात लावून झाला. तिचा नवरा पुंजा, कारखान्यातल्या युनियनचा पुढारी, गेल्या पावसाळ्यात मिसा कायद्याखाली उचलला गेला तो अजून आतच होता. खटला नाही, आरोप नाही. वकिलाने मुंबईला हायकोर्टात अर्ज केला होता, पण असले सगळे अर्ज दिल्लीच्या निकालावर अडून बसले होते. अटकेतल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते की नाही, एवढंच दिल्लीला ठरायचं होतं. निकाल आज लागणार अशी कुणकुण होती.

मागच्या भेटीत पुंजा म्हणाला होता, "दिल्लीला हरलो तर हमीपत्रावर सही करून येतो, लंके. माझ्यानं आता निभत नाय." हमीपत्र म्हणजे, माझं चुकलं, पुन्हा तोंड उघडणार नाही. तेवढं लिहून दिलं की सुटका.

म्हणजे जिंकलो तर सुटेल कदाचित, आणि हरलो तर सुटेल नक्की. लंकाबाईच्या मनात नको ते येऊन गेलं आणि तिने स्वतःलाच शिव्या घातल्या.

दिवेलागणीनंतर मल्हारीने दाराला कडी घातली आणि रेडिओवर गोधडी टाकली. तो, त्याची बायको भागुबाई आणि लंकाबाई अशी तिघं त्या गोधडीत डोकी खुपसून बसली. एप्रिलातला उकाडा, घामाने जीव नकोसा झालेला. खरखरीतून लंडनच्या रेडिओचं हिंदी हळूहळू वर आलं. पाच न्यायाधीश, निवेदक सांगत होता. चौघांनी सरकारची बाजू उचलून धरली. आणीबाणी आहे तोवर अटकेविरुद्ध दाद नाही. पाचवा एकटा म्हणाला, हे मला मान्य नाही. त्याचं नाव येणार इतक्यात आवाज बारीक होत होत बसला. मल्हारीने दोन थापा मारून पाहिल्या. सेल संपले होते.

"हरलो, वहिनी," मल्हारी गोधडी बाजूला करत म्हणाला. "वाईटातून चांगलं म्हणायचं. पुंजाभाऊ घरी येतील. त्या पाचव्याचं तेवढं उद्या तुरुंगात भेटीला जाल तेव्हा काढू नका. शिपाई बसलेला असतो, कुठं ऐकलं विचारील."

"मी कशाला काढते," लंकाबाई म्हणाली, आणि तिने तसं ठरवलंही. पुंजाला तिच्याइतकं कोण ओळखणार? सगळ्या गावाविरुद्ध एक जण उभा दिसला की हा गडी आपली भाकरी सोडून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहायचा. त्याच खोडीपायी तर ही वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी भेटीला टेबलाच्या टोकाशी शिपाई होताच. पुंजाचा सदरा खांद्यावरून ओघळत होता.

"कळलं मला," तो म्हणाला. "इथल्या साहेबांनी सांगितलं. अख्खं कोर्ट एका तोंडानं बोललं म्हणे. बरं झालं, घोर मिटला. उद्या सही करतो."

हे सगळं तो टेबलाशी बोलला. इतकी मान खाली घातलेलं तिने त्याला लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तिला राग आला, त्याचा, साहेबांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"एका तोंडानं नाय," ती म्हणाली. "चौघांनी. पाचवा म्हणाला, मला हे मान्य नाय."

शिपाई उठला. "ओ बाई, राजकारण बोलायचं नाही. झाली भेट."

"कोण म्हणाला? नाव काय त्याचं?" पुंजाही उठला होता.

"नाव यायच्या आधी सेल गेले."

पुंजा हसला. कित्येक महिन्यांनी खळखळून हसला. शिपायाने दंडाला धरून चालवलं तेव्हा त्याने वळून विचारलं, "मग सही राहू दे, लंके? चालंल ना तुला?"

"चालंल," ती म्हणाली.

नाक्यावर बस येईपर्यंत ती पदराआड रडत होती. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय. आता वर्ष की दोन वर्षं, कोणाला ठाऊक. बसमधून उतरल्यावर तिने डोळे पुसले आणि सरळ दुकानात शिरली.

"सेल द्या. नवे."

"एवढं काय ऐकता हो?" दुकानदाराने विचारलं.

"बातम्या," लंकाबाई म्हणाली. "माझा नवरा आत हाय."