सहा आठवड्यांची रजा

फॉर्मवरच्या चौथ्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. ‘प्रसूतीची अपेक्षित तारीख’ असं छापलेलं होतं. तिने त्यापुढे ‘गुरुवार, सकाळी अकरा’ असं लिहिलं आणि कागद मालकांपुढे सरकवला.

मालकांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला. चष्म्याच्या या दुकानात ती अकरा वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवत होती. काउंटर सांभाळणाऱ्या मावशी धरून माणसं तीनच.

“वेळसुद्धा ठरली?”

“आम्ही मुलगी दत्तक घेतोय. चार वर्षांची. संस्थेने तीच वेळ दिलीय.”

काउंटरवर मावशी मान वर न करता चष्मा पुसत राहिल्या.

“चांगलं केलंत,” मालक म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा फॉर्मकडे बघत म्हणाले, “पण सहा आठवडे? चार वर्षांची म्हणजे हिंडतीफिरती. आपल्या हाताने जेवत असेल. तान्हं मूल असतं तर गोष्ट वेगळी.”

“आपण परके आहोत हे तान्ह्या मुलाला कळत नाही. हिला कळतं.”

मालकांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरत. काच घासायचं काम आता त्यांच्याने होत नसे, आणि त्याबद्दल दुकानात कोणी अवाक्षर काढत नसे.

“नियमात बसतं हे?”

“मालकांची हरकत नसेल तर चालतं. कामगार कचेरीत विचारून आलेय.” तिने दुसरा कागद पुढे केला. “आणि मी नसताना काम कसं चालेल, ते यात लिहिलंय. अवघड नंबरच्या काचा आठवड्यातून दोनदा बाहेर पाठवायच्या. साध्या नंबरच्या काचा मावशी करतील. महिनाभर शिकतायत त्या, जेवणाच्या सुट्टीत.”

मालकांनी मावशींकडे पाहिलं.

“चार काचा फोडल्या मी,” मावशी म्हणाल्या. “तुम्हाला सांगितलं, गिऱ्हाइकाच्या हातून पडल्या.”

मालकांना हसू आवरलं नाही. त्यांनी सही केली. ती वाकडीतिकडी आली, पण आली.

गुरुवारी मुलगी घरी आली. चालायची तुरुतुरु, म्हणून संस्थेत सगळे तिला मुंगी म्हणत. तेच नाव घरातही राहिलं. पहिले आठ दिवस ती पाणी प्यायलासुद्धा विचारायची, आणि वाढलेलं सगळं मुकाट्याने संपवायची. नवरा इस्पितळात परिचारक होता. त्याने सहा आठवडे सकाळची पाळी मागून घेतली होती. एकदा जेवताना मुंगीने विचारलं, “तू कामावर का जात नाहीस?”

“तुझ्यासाठी रजा घेतलीय.”

मुंगीने मान डोलावली.

तिसऱ्या आठवड्यात ती न्हाणीघरात मोठ्याने गाऊ लागली. पाचव्या आठवड्यात तिने भाजीतली मिरची उचलून बापाच्या ताटात टाकली. त्याने कौतुकाने बायकोकडे पाहिलं.

शेवटच्या शनिवारी मावशींचा फोन आला.

“हो, उद्या संपतेय रजा,” ती इस्त्री करता करता म्हणाली. “कसे दिवस गेले, कळलंच नाही.”

फोन ठेवून ती आतल्या खोलीत गेली. मुंगी पलंगाशेजारी ताठ उभी होती. येताना आणलेली कापडी पिशवी तिने भरली होती. नव्या चपला भिंतीशी नीट लावून ठेवल्या होत्या.

“त्या इथल्या आहेत,” मुंगी म्हणाली.

“कुठे निघालीस?”

“रजा संपली ना.”

आई तिथेच जमिनीवर बसली.

“रजा माझी होती. दुकानातून घेतलेली. सोमवारी सकाळी मी दुकानात जाईन आणि साडेपाचला घरी येईन. तोवर बाबा घरीच असतील, त्यांना आता रात्रपाळी आहे. मंगळवारीही तसंच.”

“आणि मी?”

“तू इथेच.”

मुंगीने पिशवी पुन्हा उघडली. मग एकेक फ्रॉक बाहेर काढला. एक मात्र आतच राहू दिला. आईनेही तो काढायला लावला नाही.

सोमवारी साडेपाच म्हणजे काय, ते बापाने मुंगीला भिंतीवरच्या घड्याळावर दाखवलं: मोठा काटा अगदी खाली.

दुकानात काम तुंबलं होतं. पाच वाजता मालकांनी स्वतः तिचं मशीन बंद केलं आणि म्हणाले, “नीघ आता.” तरी रस्त्यात गर्दी लागली. ती जिना चढून वर आली तेव्हा मुंगी दारातच बसली होती. कपाळावर आठ्या होत्या.

“काटा खाली येऊन वर गेला,” मुंगी म्हणाली. “कुठे होतीस?”

आणि उत्तराची वाट न बघता ती फणकाऱ्याने आत निघून गेली.